‘पिक अप हिम’ नाही, ‘पिक हिम अप’: इंग्रजी वाक्यात कोणी कुठे बसायचं

काकूंना सगळे शब्द येत होते. ‘पिक अप’ म्हणजे आणायला जाणं, ‘हिम’ म्हणजे त्याला, ‘विल’ लावलं की भविष्यकाळ. न्यू जर्सीत एडिसनला मुलीकडे त्या सहा महिने राहायला निघाल्या होत्या. मुलगी-जावई कामावर असताना नातवाला डेकेअरमधून घरी आणायचं काम त्यांच्याकडे येणार होतं. म्हणून आमच्या संध्याकाळच्या वर्गात त्या डेकेअरच्या बाईंशी बोलायचा सराव करत होत्या: ‘आय विल पिक अप हिम ॲट फोर.’

मी म्हटलं, ‘काकू, सगळं बरोबर. फक्त ‘हिम’ला मधे बसवा.’

‘मधे? अहो, पिक अप हे एकच ना? त्याच्या मधे कसा बसवू त्याला?’

प्रश्न रास्त होता. काकू पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतल्या; राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पण पाचवीपासून शिका की पहिलीपासून, शब्दांच्या जाती ओळखायला सगळे शिकतात. त्या जातींनी एका पंगतीत कोणी कुठे बसायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

मराठीत जागेवाचून अडत नाही. ‘मांजराने उंदराला पकडलं’ म्हणा नाहीतर ‘उंदराला पकडलं मांजराने’ म्हणा, कोणी कोणाला धरलंय ते ‘ने’ आणि ‘ला’ सांगून टाकतात. इंग्रजी नामांना असले प्रत्यय नाहीत. तिथे शब्द कुठे बसला यावरूनच त्याचं नातं कळतं. म्हणून शब्द माहीत असूनही वाक्य वाकडं होतं.

हा लेख अशांसाठी आहे. तीनच जाती घेऊ: क्रियापद, सर्वनाम आणि क्रियाविशेषण. क्रियाविशेषण म्हणजे कधी, कुठे, कसं, किती हे सांगणारा शब्द: ‘ऑल्वेज’, ‘हिअर’, ‘वेल’, आणि ‘पिक अप’मधला तो ‘अप’सुद्धा. या शेवटच्याला बरेच जण क्रियाविशेषण मानतच नाहीत आणि सगळी गडबड तिथून सुरू होते.

पहिली पायरी: कर्ता गिळू नका

मराठी क्रियापद भलतं चुगलखोर. ‘जेवलीस?’ एवढाच शब्द, पण समोर एकच व्यक्ती आहे, ती बाई आहे, बोलणाऱ्याच्या जवळची आहे आणि जेवणाबद्दल चाललंय, सगळं कळलं. म्हणून आपण ‘तू’ म्हणत नाही. इंग्रजी ‘केम’ तसं काहीच सांगत नाही: मी आलो, ती आली, ते आले, सगळ्यांना ‘केम’च. त्यामुळे सर्वनाम बोलावंच लागतं. फोनवर ‘रीच्ड’, ‘कमिंग’ चालून जातं. वाक्य बोलायचं झालं तर ‘आय ॲम कमिंग’.

कर्ता खरंच नसेल तर? ‘पाऊस पडतोय’, ‘उशीर झाला’, ‘उकडतंय’. इंग्रजी तिथेही जागा रिकामी ठेवत नाही: ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज लेट’, ‘इट इज हॉट’. हा ‘इट’ म्हणजे कोण, असं वर्गात कोणीतरी विचारतंच. कोणी नाही. एसटीत सीट धरायला खिडकीतून रुमाल टाकतात ना, तो रुमाल आहे.

उलट चूकही होते. ‘माय सन, ही वर्क्स इन पुणे’. मुलगा आधीच बसलाय, पुन्हा ‘ही’ कशाला? ‘माय सन वर्क्स इन पुणे’ पुरे.

आता लिंगाचं. चावी ‘ती’, म्हणून ‘शी इज ऑन द टेबल’ असं तोंडातून निघतं. इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या ‘इट’. आदराचं बहुवचनही तिथे नाही: बाबा ‘ते’ असले तरी ‘दे’ होत नाहीत, ‘ही’च राहतात. तू, तुम्ही, आपण या तिघांना एकच ‘यू’. त्यातही गंमत अशी, की ‘यू’ मुळात ‘तुम्ही’ आहे. ‘तू’ला ‘दाउ’ होता, तो सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून मागे पडला. म्हणजे इंग्रज माणूस आपल्या कुत्र्यालाही अहो-जाहो करतो.

आणखी एक खोडी देवनागरीची. इंग्रजी ‘ही’ पुरुष, आपली ‘ही’ बाई. इंग्रजी ‘मी’ म्हणजे ‘मला’, आपला ‘मी’ म्हणजे इंग्रजी ‘आय’. वहीत इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहून घेणाऱ्यांनी हे दोन शब्द लाल पेनाने लिहावेत. मी गमतीत म्हणत नाही. एका विद्यार्थ्याने अख्खं पान ‘मी गो टू ऑफिस’ असं पाठ केलं होतं.

‘मला’ने सुरू होणारी वाक्यं तर आपल्याकडे ढिगाने. मला आवडतं, मला वाटतं, मला समजलं, मला भूक लागली. इंग्रजीत या सगळ्यांत कर्त्याच्या जागी ‘आय’: ‘आय लाइक इट’, ‘आय थिंक सो’, ‘आय अंडरस्टँड’, ‘आय ॲम हंग्री’. हे परकं वाटतं खरं, पण जुनी इंग्रजी याबाबतीत आपल्यासारखीच होती. तिच्यात ‘मीथिंक्स’ असा शब्द होता. त्यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’ आणि अख्ख्याचा अर्थ ‘मला वाटतं’. ‘मी लायकेथ’ म्हणजे ‘मला आवडतं’. पुढे कर्त्याची खुर्ची ‘आय’ने बळकावली.

दुसरी पायरी: ‘हिम’ मधे का बसतो

आता काकूंचा प्रश्न. इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण रोजच्या इंग्रजीतलं निम्मं घरकाम या एका नियमावर चालतं.

‘दिवा बंद कर’ इंग्रजीत दोन प्रकारे म्हणता येतं: ‘टर्न ऑफ द लाइट’ किंवा ‘टर्न द लाइट ऑफ’. दोन्ही बरोबर. पण ‘लाइट’ऐवजी ‘इट’ म्हणायचं झालं की एकच वाट उरते: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. नाम मधे बसेल किंवा शेवटी, सर्वनाम मधेच.

कारण कानाला विचारा. ‘टर्न द लाइट ऑफ’ मोठ्याने म्हणून बघा. ‘लाइट’वर जोर येतो. आता ‘टर्न इट ऑफ’ म्हणा. ‘इट’वर जोर येतच नाही, तो ‘टर्न’ला चिकटून ‘टर्निट’ होतो आणि जोर पडतो ‘ऑफ’वर. सर्वनाम हलकं असतं, कारण ते कशाबद्दल आहे हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं. इंग्रजी वाक्याला शेवटी वजनदार शब्द लागतो. हलक्याला तिथे उभं केलं की वाक्य लटपटतं. म्हणून सर्वनाम क्रियापदाच्या कडेवर बसतं आणि ‘ऑफ’, ‘अप’, ‘डाउन’ ही मंडळी मागून चालत येतात.

मी काकूंना हेच सांगितलं. ‘नातू कडेवर घेतलात की तो मधे येणारच.’ त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

एवढी वाक्यं घरातल्या वस्तू हातात घेऊन म्हणा. चष्मा: ‘पुट देम ऑन’, ‘टेक देम ऑफ’, इंग्रजीत चष्मा बहुवचनी, म्हणून ‘देम’. कचरा: ‘थ्रो इट अवे’. पत्ता: ‘राइट इट डाउन’. फॉर्म: ‘फिल इट इन’, अमेरिकेत ‘फिल इट आउट’ जास्त ऐकू येईल. टीव्हीचा आवाज: ‘टर्न इट डाउन’. झोपलेलं पोर: ‘वेक हिम अप’. शाळेत सोडायचं: ‘ड्रॉप हिम ऑफ’. दुकानात कुर्ता अंगाला लावून बघायचा: ‘ट्राय इट ऑन’. मैत्रिणीचा मिस्ड कॉल: ‘आय विल कॉल हर बॅक’. उसनी आणलेली छत्री: ‘गिव्ह इट बॅक’.

हे जमलं की माणूस उत्साहाच्या भरात सगळीकडेच सर्वनाम मधे घुसवतो: ‘लुक हिम आफ्टर’, ‘वेट मी फॉर’. इथे थांबा. ‘लुक आफ्टर हिम’, ‘लुक फॉर इट’, ‘वेट फॉर मी’, ‘लिसन टू मी’ यांत सर्वनाम शेवटीच येतं. कारण ‘आफ्टर’, ‘फॉर’, ‘टू’ ही इथे क्रियाविशेषणं नाहीत. ती आपल्या ‘साठी’, ‘कडे’, ‘मागे’सारखी शब्दयोगी आहेत, फक्त आपल्याकडे ती शब्दाच्या मागे लागतात, तिथे पुढे. ‘माझ्यासाठी’मधला ‘साठी’ जसा ‘माझ्या’पासून तुटत नाही, तसा ‘फॉर मी’मधला ‘फॉर’ही तुटत नाही.

मग ओळखायचं कसं? मी वर्गात एक कसोटी लावतो. काम झाल्यावर त्या वस्तूबद्दल ‘ती आता ऑफ आहे’, ‘ऑन आहे’, ‘अप आहे’ असं म्हणता येतं का बघा. दिवा ऑफ आहे. कोट अंगात ऑन आहे. पोर उठलं, म्हणजे अप आहे. मग सर्वनाम मधे. चावी शोधल्यावर ‘चावी फॉर आहे’ म्हणता येईल का? नाही. मग सर्वनाम शेवटी. ही कसोटी शंभर टक्के चालत नाही. ‘कॉल हर बॅक’ला लावलीत तर मैत्रीण परत आली असं वाटेल. पण नवशिक्याची नाव ती पैलतीराला नेते. ‘अप, डाउन, आउट, अवे, बॅक’ दिसले की बहुधा मधे, ‘फॉर, टू, ॲट, विथ, आफ्टर’ दिसले की शेवटी. ‘ऑन’, ‘ऑफ’ आणि ‘इन’ दोन्ही घरचे पाहुणे: ‘पुट इट ऑन’ म्हणजे ते अंगात घाल, पण ‘सिट ऑन इट’ म्हणजे त्याच्यावर बस.

याच हिशेबाने तीन शब्दांची क्रियापदंही सुटतात. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट’, ‘आय कान्ट पुट अप विथ हिम’, ‘वी हॅव रन आउट ऑफ इट’. शेवटचा शब्द शब्दयोगी, म्हणून सर्वनाम त्याच्या मागे. वेगळा नियम पाठ करायची गरज नाही.

तिसरी पायरी: दोन सर्वनामं एकत्र आली तर

‘मला चावी दे’ला ‘गिव्ह मी द की’. ‘ती मला दे’ला? ‘गिव्ह इट टू मी’. वस्तू क्रियापदाजवळ, माणूस ‘टू’ लावून मागे. ब्रिटनमध्ये ‘गिव्ह मी इट’ही ऐकू येतं; तुम्ही ‘गिव्ह इट टू मी’ म्हणा, कुठेही अडणार नाही.

काही क्रियापदांना मात्र माणूस चिकटलेला खपत नाही. ‘एक्स्प्लेन मी’ नाही, ‘एक्स्प्लेन इट टू मी’. ‘सजेस्ट मी’ नाही. ‘ही सेड मी’ही नाही: ‘ही टोल्ड मी’ किंवा ‘ही सेड टू मी’. आपल्याला हे चुकतं, कारण आपल्याकडे ‘मला समजाव’, ‘मला सुचव’, ‘मला म्हणाला’ सगळं एकाच ‘मला’त भागतं.

चौथी पायरी: ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘खूप’ यांच्या खुर्च्या

‘ऑल्वेज, युज्वली, ऑफन, नेव्हर, ऑल्सो, जस्ट, रियली’ हे मधल्या रांगेतले. त्यांना जागा सापडवायची तर आधी क्रियापद बघा.

साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: ‘आय ऑल्वेज वॉक’, ‘शी नेव्हर इट्स ब्रेड’. ‘ॲम, इज, आर, वॉज’ असेल तर त्याच्या नंतर: ‘आय ॲम ऑल्वेज हंग्री’, ‘ही इज नेव्हर लेट’. साहाय्यक क्रियापद असेल तर पहिल्या साहाय्यकाच्या नंतर: ‘आय हॅव नेव्हर सीन इट’, ‘ही विल नेव्हर टेल यू’. प्रश्नात साहाय्यक उडी मारून पुढे जातो, सर्वनाम त्याच्या मागे आणि क्रियाविशेषण त्याच्याही मागे: ‘डू यू ऑल्वेज वॉक?’ प्रश्नातला क्रम पाठ करायचाच असेल तर हा करा: साहाय्यक, सर्वनाम, ‘ऑल्वेज’, मुख्य क्रियापद.

छोट्या उत्तरात मात्र एक वळण आहे, ते पुस्तकांत सहसा राहून जातं. ‘इज ही लेट?’ याला उत्तर ‘ही इज ऑल्वेज’ असं होत नाही. ‘ही ऑल्वेज इज’. ‘डू यू वॉक?’ ‘आय ऑल्वेज डू.’ पुन्हा कानाचंच कारण: उत्तर जिथे संपतं तिथे ‘इज’वर, ‘डू’वर जोर हवा.

आता ‘खूप’. ‘मला चहा खूप आवडतो’ यात ‘खूप’ चहा आणि आवडण्याच्या मधे बसलाय. म्हणून मराठी माणूस म्हणतो, ‘आय लाइक व्हेरी मच टी’. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामधे कोणाला शिरू देत नाहीत. ‘आय लाइक टी व्हेरी मच’, ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’. क्रियापदाच्या आधी बसवायचं तर ‘रियली’: ‘आय रियली लाइक इट’. ‘आय व्हेरी लाइक’ कधीच नाही. ‘व्हेरी’ला एकट्याला क्रियापदाला हात लावायची परवानगी नाही.

तुम्ही म्हणाल, मग ‘टर्न ऑफ द लाइट’मध्ये ‘ऑफ’ क्रियापद आणि कर्माच्या मधे कसा शिरला? बरोबर पकडलंत. ‘ऑफ’, ‘अप’, ‘डाउन’ ही छोटी मंडळी घरच्यासारखी, त्यांना सूट आहे. ‘वेल’, ‘स्लोली’, ‘व्हेरी मच’ यांना नाही. आणि ही सूटही समोर नाम असेल तरच. सर्वनाम आलं की ‘ऑफ’लाही बाजूला सरकावं लागतं.

जागा चुकली की नुसतं वाक्य बिघडत नाही, कधी माणूसही गोत्यात येतो. माझ्या पहिल्या नोकरीत एका सहकाऱ्यासाठी शिफारसपत्र लिहायचं होतं. ‘हार्ड’ हे विशेषण, त्याला ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण, असं शाळेत शिकलेलो. मोठ्या डौलात लिहिलं: ‘ही हार्डली वर्क्स.’ म्हणजे हा काम जवळपास करतच नाही. साहेबांनी सही करण्याआधी वाचलं म्हणून बरं. मेहनतीला ‘ही वर्क्स हार्ड’, ‘हार्ड’ क्रियापदाच्या मागे. ‘हार्डली’ क्रियापदाच्या आधी येतो आणि अर्थ होतो ‘जेमतेम’. ‘लेट’ आणि ‘लेटली’चंही तेच: ‘शी कम्स लेट’ म्हणजे उशिरा येते, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे.

पाचवी पायरी: घरी जाताना ‘टू’ नको

‘घरी’, ‘इथे’, ‘तिथे’, ‘वर’ यांना आपणही वेगळा ‘ला’ लावत नाही. ‘घरीला जातो’ कोण म्हणतं? तसंच ‘गो होम’, ‘कम हिअर’, ‘गो देअर’, ‘गो अपस्टेअर्स’. ‘गो टू होम’ नको. ‘रिटर्न बॅक’मध्ये ‘परत परत आला’ होतं, तेही नको.

सहावी पायरी: ‘च’ला ‘ओन्ली’ चिकटवू नका

‘मी त्याला कालच सांगितलं’ला आपण ‘आय टोल्ड हिम यस्टरडे ओन्ली’ म्हणतो. भारतात कळतं. एडिसनच्या डेकेअरमध्ये त्या बाई विचारतील, फक्त कालच का, आज नाही सांगितलं?

मराठी ‘च’ कोणत्याही शब्दाच्या शेपटीला लागतो आणि त्याच्यावर बोट ठेवतो. इंग्रजीत हे काम बहुतेक वेळा आवाज करतो: ‘आय टोल्ड हिम यस्टरडे’ म्हणताना ‘यस्टरडे’ ठासून म्हणायचं. काही ठिकाणी वेगळा शब्द आहे. ‘आत्ताच आला’ला ‘ही जस्ट केम’. ‘इथेच थांब’ला ‘वेट राइट हिअर’. ‘मीच केलं’ला ‘आय डिड इट’ म्हणताना ‘आय’वर जोर, ‘आय डिड इट मायसेल्फ’ म्हणालात तर ‘मी स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय’ असा अर्थ निघतो. ‘त्यानेच सांगितलं’ला ‘ही इज द वन हू टोल्ड मी’. ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’, आणि तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या आधी येतो: ‘ओन्ली टू’ म्हणजे फक्त दोन. ‘ओन्ली यस्टरडे’ बरोबर, ‘यस्टरडे ओन्ली’ने घोळ.

‘पण’ आणि ‘सुद्धा’चं सोपं. ‘मी पण’ला ‘मी टू’; या एका ठिकाणी इंग्रजी ‘मी’ आणि मराठी ‘मी’ जुळतात, लाल पेन खाली ठेवलंत तरी चालेल. ‘मी पण नाही’ला ‘मी नायदर’. जरा ठेवणीतलं बोलायचं तर ‘सो डू आय’, ‘नायदर डू आय’: क्रियाविशेषण पुढे, मग क्रियापद, सर्वनाम शेवटी.

इथे चाणाक्ष वाचक मला धरेल. सर्वनाम हलकं, शेवटी उभं राहत नाही म्हणालात ना? मग ‘सो डू आय’मध्ये ‘आय’ शेवटी कसा? कारण इथे तो हलका नाही. ‘तू जातोस, तसा मीही’, या ‘मीही’वरच तर सगळा भर आहे. उच्चारताना ‘आय’ ठळक येतो. जोर आला की सर्वनाम नामासारखं वागतं.

सातवी पायरी: बस आली

‘ती बघ बस आली’: ‘हिअर कम्स द बस’. आता ‘बस’ऐवजी ‘इट’ घाला. ‘हिअर कम्स इट’? नाही. ‘हिअर इट कम्स’. नाम असेल तर क्रियापदाच्या नंतर, सर्वनाम असेल तर आधी. ‘देअर इज युवर बॅग’, पण ‘देअर इट इज’. ‘ऑफ वी गो’ म्हणजे चला, निघालो. काही हातात देताना ‘घ्या’ म्हणायला ‘हिअर यू आर’ किंवा ‘हिअर यू गो’. दुकानदार हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणतो, आणि नवा माणूस ‘मी इथेच तर आहे’ म्हणून गोंधळतो.

हा जुना वारसा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी क्रियाविशेषण आलं की दुसऱ्या जागेवर क्रियापद यायचं आणि कर्ता त्याच्या मागे. पण कर्ता सर्वनाम असला तर तो पुष्कळदा क्रियापदाच्या पुढेच राहायचा. ती वाक्यरचना बहुतेक ठिकाणी मोडली, ‘हिअर’ आणि ‘देअर’सारख्या थोड्या शब्दांजवळ उरली. जुन्या वाड्याची एखादी भिंत नव्या इमारतीत तशीच राहावी तशी.

जाता जाता एक सापळा. ‘तो कुठे आहे?’ला ‘व्हेअर इज ही?’ पण ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ला ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’. प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की सर्वनाम पुन्हा क्रियापदाच्या आधी. मराठीत दोन्हीकडे ‘तो कुठे आहे’ तसाच्या तसा राहतो, म्हणून आपल्याला उलटापालट सुचत नाही आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ तोंडात बसतं.

सराव कसा करायचा

वहीत नियम उतरवू नका, वस्तू हातात घ्या. पहिला आठवडा फक्त दुसरी पायरी. दिवा लावताना, पंखा बंद करताना, चप्पल घालताना त्या कामाचं वाक्य म्हणा: आधी नामाने, लगेच सर्वनामाने. ‘टर्न ऑफ द फॅन. टर्न इट ऑफ.’ दोन्ही पाठोपाठ म्हटली की जिभेला फरक कळतो. घरातले हसतील, हसू द्या. दुसऱ्या आठवड्यात चौथी पायरी, स्वतःच्याच सवयींची दहा वाक्यं, ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ घालून. खरी सवय घ्या. खोट्या वाक्याने जागा लक्षात राहत नाही. बाकीच्या पायऱ्या अडेल तेव्हा उघडा. पहिली मात्र रोज, बोलायला तोंड उघडाल तेव्हा.

मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. ‘इट’ आणि ‘हिम’ ठणठणीत ऐकू आले तर तुम्ही अजून त्यांना कडेवर घेतलेलं नाही. ‘टर्निट ऑफ’, ‘पिकिम अप’ असं चिकटून आलं की समजा जमलं. ‘हिम’मधला ‘ह’ घाईत गळतो. गळू द्या.

काकू एडिसनला पोचून तीन आठवडे झाले होते तेव्हा त्यांचा मेसेज आला. डेकेअरमधून येताना नातवाला त्यांनी कडेवर घेतलं होतं. वाटेत खार दिसली आणि पोरगं पाय झाडत ओरडलं, ‘आजी, पुट मी डाउन!’ काकूंनी त्याला खाली ठेवलं, आणि तिथेच उभं राहून मला मराठीत लिहिलं: ‘सर, ‘मी’ मधेच आहे.’